मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमकं किती आणि विमानात तास किती?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझी आई (वय ६७) फेब्रुवारीत पहिल्यांदाच माझ्याकडे येणार आहे. कराडहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला, आणि एकटी. बाबा गेल्यापासून ती कराडबाहेर मुक्कामाला राहिलेली नाही. हो म्हणायलाच तिने दोन वर्षं लावली.

परवा फोनवर म्हणाली, "मुंबईला जायला सात तास लागतात, तसं मला सांग. तुझं गाव किती तासांवर आहे?" मी सांगायला गेले आणि अडकले. एके ठिकाणी अंतर १३,५०० किमी दिसतं, दुसरीकडे १५,००० च्या वर. विमानाचा वेळ कुठे १६ तास, तर तिकिटांच्या यादीत २२ पासून ३१ पर्यंत काहीही. काही तिकिटांवर निघायची आणि पोचायची तारीख एकच आहे, ते तर तिला पटवताच आलं नाही.

तिला गोलमोल सांगायचं नाहीये. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण बाई तयारीची आहे. किती वेळ बसायचं ते एकदा कळलं की ती बसेल. जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगा.

भूगोलाचे_सर

ताई, घरात पृथ्वीगोल असेल तर काढा, नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाकडून आणा. एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि दोरा ताणा. तो युरोपवरून जाणार नाही, जपानवरूनही जाणार नाही. मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघेल, लडाखवरून अल्ताई पर्वत, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र असा वर चढेल आणि अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियाला उतरेल. याला आम्ही बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतो. गोलावर दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर तेच.

असं का होतं ते आईंनाही सांगता येईल. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. बेरीज १९५. म्हणजे तुमचं गाव आमच्या जवळजवळ पाठीमागेच आहे, ध्रुवाच्या पलीकडच्या अंगाला. समोरासमोरच्या दोन गावांच्या मधे डोंगर असला की खिंडीतून जावं, तसा इथला जवळचा रस्ता ध्रुवाकडून जातो.

अंतर पाटीवर काढून बघा. मुंबई १९ अंश उत्तरेला, तिथून ध्रुव ७१ अंश. सॅन फ्रान्सिस्को ३७.६ अंशावर, ध्रुवापासून ५२.४ अंश. बेरीज १२३.४. एका अंशाला १११ किमी धरले तर सुमारे १३,७०० किमी होतात. रस्ता अगदी ध्रुवावरून न जाता जरा बाजूने, ७६-७७ अंशांपर्यंत चढून जातो, म्हणून थोडा कमी भरतो, साधारण १३,५०० किमी. तुम्हाला जो आकडा दिसला तो हाच. तो बरोबर आहे, पण तो दोऱ्याचा आहे.

कृष्णाकाठ

सर, भाच्याचा पृथ्वीगोल आईकडेच होता. व्हिडिओ कॉलवर तिने शिवणाच्या डब्यातला दोरा लावून बघितला. लडाखपाशी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हिमालय ओलांडायचा?"

रनवे_सत्तावीस

आईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी मुंबईत विमानाच्या देखभालीत आहे, २२ वर्षं झाली. दोऱ्याच्या रस्त्याने विमान जात नाही आणि त्याचं पहिलं कारण तेच.

विमानातली हवा आतून दाबाखाली ठेवलेली असते. काही बिघडून तो दाब गेला तर वरून मास्क पडतात. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत साधारण १२ ते २० मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकाने विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणायचं, म्हणजे माणसांना साधा श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच १४-१५ हजार फूट आहे, खाली आणणार कुठे? म्हणून तो सगळा पट्टा विमानं शक्यतो वळसा घालून टाळतात.

दुसरं कारण आकाशाच्या हद्दी. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चपासून अमेरिकन आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीचं विमान एका बाजूने जातं, दुसरीचं भलत्याच बाजूने.

तिसरं कारण वारा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं तेच. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त, ताशी २०० किमी आणि त्याच्याही वर. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरा. हा वारा पाठीशी मिळाला तर जमिनीवरून मोजलेला वेग ११०० होतो, तोंडावर आला तर ७००. अंतर तेच, तास वेगळे.

याचं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचं. २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किमी झालं आणि वेळ साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! १५,३०० ला साडेचौदाने भागा, ताशी १०५० च्या वर येतात. एवढा वेग इंजिनाचा नाही, त्यातला मोठा हिस्सा वाऱ्याचा. आमच्याकडे तेव्हा जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता.

म्हणून ताई, किलोमीटर बघू नका, तास बघा. थेट मुंबईहून नॉनस्टॉप असेल तर सोळा-सतरा तास धरून चाला.

टेकडीवरचा_वारा

मी आजवर समजत होतो की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना गाव आपल्याकडे येतं आणि वेळ कमी लागायला हवा. उलटं कसं?

भूगोलाचे_सर

हा प्रश्न दरवर्षी नववीच्या वर्गात यायचा आणि मला तो आवडायचा. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, विमान त्या हवेतच असतं. चालत्या एसटीत उडी मारली तर आपण मागच्या सीटवर पडत नाही, तसंच. फरक पडतो तो त्या हवेत वर जे वेगळे वारे वाहतात त्यांच्यामुळे. ते वारे पूर्वेकडे का वळतात याचं मूळ मात्र पृथ्वीच्या फिरण्यातच आहे. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेला वळते. म्हणजे तुमची शंका अगदीच वाऱ्यावरची नव्हती.

सनीव्हेलकर

ताई, मी सासूबाईंना दोनदा आणि आईला एकदा आणलंय. अनुभवाचं सांगते.

तिकिटाच्या यादीत जो २२, २७, ३१ तासांचा आकडा दिसतो त्यात मधल्या विमानतळावरचं थांबणं धरलेलं असतं. तिकडेच फसायला होतं. मी पहिल्या वेळी सगळ्यात कमी तासांचं तिकीट घेतलं. मधे सव्वा तासाचीच सवड होती. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा पोचलं, व्हीलचेअर घेऊन माणूस यायला आणखी वेळ गेला, पुढचं विमान निघून गेलं. सासूबाई नऊ तास एका खुर्चीवर बसून होत्या, हातात डबा, आणि फोनचं चार्जिंग संपलेलं. मी इथे रात्रभर हेल्पलाइनवर. त्या नऊ तासांचं मला आजही वाईट वाटतं. एकट्या वयस्कर माणसासाठी मधे तीन-चार तास हवेतच.

आणखी एक. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एक नव्हे. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर तोच, पण मधे कुठेतरी उतरू शकतं. तिकिटावर 'स्टॉप' किती लिहिलेत ते आधी बघा.

आता माझ्या वहीतले आकडे देते. सगळे साधारण, कंपनी आणि ऋतूप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे.

फ्रँकफर्टमार्गे : मुंबई–फ्रँकफर्ट ६,६०० किमी, सव्वानऊ तास. तिथून सॅन फ्रान्सिस्को ९,१५० किमी, साडेअकरा तास.

दुबईमार्गे : १,९०० किमी आणि १३,००० किमी. सव्वातीन तास, मग सोळाच्या आसपास.

सिंगापूरमार्गे : ३,९०० किमी, साडेपाच तास. तिथून १३,६०० किमी, हिवाळ्यात पंधरा तासांच्या आसपास.

कृष्णाकाठ

बापरे, थांबा. मी बेरीज केली. फ्रँकफर्टमार्गे १५,७५० किमी आणि सिंगापूरमार्गे १७,५०० किमी. पावणेदोन हजार किमीचा फरक, आणि तास मात्र पावणेएकवीस आणि साडेवीस? लांबचा रस्ता पंधरा मिनिटं आधी पोचवतो?

रनवे_सत्तावीस

हो, वर सांगितलं ते हेच. सिंगापूरहून पॅसिफिक ओलांडताना जेट वारा पाठीशी असतो. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर दोन्ही टप्पे पश्चिमेला, वारा बहुतेक वेळ तोंडावर.

येताना सगळं उलटं. सॅन फ्रान्सिस्को–सिंगापूर सतरा तासांपर्यंत जातं, पुढे मुंबई साडेपाच. फ्रँकफर्टमार्गे परत आलात तर अकरा आणि सव्वाआठ, एकोणीस-सव्वाएकोणीस तासांत आई मुंबईत. तीन तास वाचले.

टेकडीवरचा_वारा

म्हणजे जाताना पूर्वेकडून आणि येतानाही पूर्वेकडेच!

खिडकीशेजारची

मी ७१ वर्षांची आहे. मुलगा सॅन होजेला असतो. चार वेळा एकटी गेले आहे, म्हणून लिहिते. आकडे वरच्या मंडळींनी दिले, ते मला कळतात तितके कळले. पण तुमच्या आईला विमानातले पंधरा तास कसे असतात ते कुणी सांगितलं नाही.

पहिले दोन तास छान जातात. जेवण येतं, कागदात गुंडाळलेला चमचा, चौकोनी डबी, सगळं बघण्यात वेळ जातो. मग दिवे मालवतात. समोरच्या पडद्यावर नकाशा लावता येतो, त्यावर छोटं विमान असतं. मी पहिल्या वेळी त्याच्याकडे बघत बसले आणि ते हलेचना. तीन तास झाले असतील म्हणून पाहिलं तर चाळीस मिनिटं. नंतर मी शिकले, तो पडदा बंद ठेवायचा. मी माझ्या घड्याळातली वेळ बदलत नाही, भारताचीच ठेवते. आता घरी दिवेलागण झाली असेल, आता दूधवाला आला असेल, असं मनात धरलं की तासाला काहीतरी आकार येतो. नामजपाची माळ जवळ ठेवा म्हणावं. मी दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाते, तिथल्या मुली पाणी देतात, उभ्या उभ्या चार शब्द बोलतात. म्हणून खिडकी आवडत असली तरी आता मी कडेचीच जागा घेते.

हवा फार कोरडी असते, ओठ फुटतात. तुपाची छोटी डबी पर्समध्ये असू द्या. लांबच्या विमानात थंडीही वाजते, शाल हातातच हवी, वरच्या कप्प्यात नको.

कृष्णाकाठ

काकू, हे मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. दूधवाल्याचं ऐकून हसली. खूप दिवसांनी.

साधी_ओपीडी

डॉक्टर म्हणून थोडं. विमानाच्या आतला हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो, साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आई त्याहून उंच जागी पंधरा तास बसणार. धडधाकट माणसाला त्रास होत नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर आधी तपासून घ्यायचं.

गुडघ्यांपेक्षा मला पोटऱ्यांची काळजी असते. फार वेळ पाय लटकवून बसल्याने शिरेत गुठळी होऊ शकते. काकू म्हणतात तसं उठत राहणं, बसल्या जागी घोटे वरखाली करणं, पाणी पीत राहणं. घट्ट मोजे घालायचे का ते तिच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून नको. गोळीच्या वेळेचंही तसंच, विमानाच्या वेळा कागदावर लिहून त्यांच्याकडे घेऊन जा, ते सांगतील. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका.

टेकडीवरचा_वारा

एक भीती विचारतो. एवढ्या समुद्रावर मधेच काही झालं तर उतरायचं कुठे?

रनवे_सत्तावीस

विचारलंत ते बरं. दोन इंजिनांचं विमान वाटेल तिथून नेता येत नाही. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत आवाक्यात असावाच लागतो, रस्ता आखतानाच ते बघतात. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियात मगदानला उतरवलं होतं. विमानात २३२ माणसं होती. दुसरं विमान येईपर्यंत त्यांना दीड दिवसाहून जास्त थांबावं लागलं, हाल झाले, पण सगळे सुखरूप पोचले. नियम त्यासाठीच आहेत. आमच्या कामात रात्रपाळीला एक स्क्रू कमी निघाला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. आईंना हे जरूर सांगा.

कृष्णाकाठ

ठरलं, आणि तिकीट काढलं! जाताना सिंगापूरमार्गे, येताना जुलैत फ्रँकफर्टमार्गे. अमेरिकेचा व्हिसा असल्याने फ्रँकफर्टला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, तेही तपासलं. सिंगापूरला मधे चार तास ठेवले आहेत. सनीव्हेलकर ताई, तुमच्यामुळे. व्हीलचेअर आताच नोंदवली.

आईला हवा होता तो हिशेब आता देता आला. कराड ते मुंबई विमानतळ सात तास. विमानतळावर साडेतीन. दोन विमानं मिळून साडेवीस. सिंगापूरला चार. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा दीड तास, मग घरापर्यंत एक. कराडच्या उंबऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत साडेसदतीस तास. तिने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे कराड-मुंबई पाच वेळा आणि वर थोडं. जमेल."

तारखेचं कोडं मात्र राहिलं. विमान सिंगापूरहून सकाळी नऊला निघतं आणि त्याच तारखेला सकाळी आठला इथे पोचतं. पंधरा तास प्रवास करून निघण्याच्या आधी पोचायचं!

भूगोलाचे_सर

सिंगापूरचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे. कॅलिफोर्निया हिवाळ्यात भारतापेक्षा साडेतेरा तास मागे, मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं पुढे केली की साडेबारा. म्हणजे फेब्रुवारीत सिंगापूर आणि तुमच्यात सोळा तास. नऊ अधिक पंधरा, सिंगापूरला मध्यरात्र. त्यातून सोळा वजा केले की सकाळचे आठ, तारीख तीच. वाटेत पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, ती पूर्वेकडे ओलांडली की एक तारीख मागे जायची.

कृष्णाकाठ

आईने आज पुन्हा दोरा काढला होता. मुंबई, सिंगापूर, सॅन फ्रान्सिस्को, फ्रँकफर्ट, मुंबई. दोरा गोलाला पूर्ण वेढा घालून परत जागेवर आला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, ही तर पृथ्वीप्रदक्षिणा झाली." आणि लगेच विचारलं, तुमच्या सरांना विचार, उजवी की डावी?

भूगोलाचे_सर

आईंना माझा नमस्कार सांगा. पूर्वेकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला येते आणि दक्षिण उजव्या हाताला. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं ही आपली रीत. उत्तर ध्रुव मध्ये धरला तर त्यांची वाट उलटी होते, दक्षिण ध्रुव मध्ये धरला तर सुलटी. कोणता धरायचा ते त्यांनी ठरवावं.

आणि सतत पूर्वेकडे जात पूर्ण फेरी केली की सूर्य दर वेळी जरा लवकर भेटतो. जुलैत त्या कराडला परत येतील तेव्हा घरच्यांच्या आणि त्यांच्या कॅलेंडरवर तारीख एकच असेल, पण मधल्या काळात घरच्यांपेक्षा त्यांच्या वाट्याला एक सूर्योदय जास्त आलेला असेल.